एकाच बाईला शिकवलं, आकडा वाढला. पण तो माझ्या शिकवण्याने वाढला हे कसं ठरवायचं?

वेंगुर्लेकरीण | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. इथे काजूवाले कमी आणि मास्तर जास्त दिसतात, म्हणूनच इथे विचारते.

वेंगुर्ल्याजवळ आमचा छोटा काजू कारखाना आहे. छोटा म्हणजे एक कुकर, एक ड्रायर, कटिंगची सहा मशीनं आणि सगळ्या मिळून अकरा बायका. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी बघते. लग्नाआधी चार वर्षं शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे वहीत आकडे मांडायची खोड आहे.

ज्यांनी कटिंग बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बी वाफवून रात्रभर गार करायची. सकाळी मशीनच्या दोन पात्यांत एकेक बी धरायची, पायाने पेडल दाबलं की टरफल चिरतं, हाताने दांडा फिरवला की उघडतं, आतला गर टोचणीने काढायचा. गर अख्खा निघाला तर भाव, पाकळी झाली तर कमी, तुकडा झाला तर मिठाईवाला देईल तो. हाताला एरंडेल आणि राख लावली नाही तर टरफलातल्या चिकाने कातडी जाते.

फेब्रुवारीच्या शेवटी एक नवी बाई आली. पहिले दोन दिवस मी नुसतं बघितलं. शंभर बियांमागे अख्खे गर ५८ आणि ६३. तिसऱ्या दिवशी सकाळी तासभर बसून शिकवलं: बी आकाराप्रमाणे आधी वेगळी करायची, पाठ पात्याच्या बाकाला बसेल अशी धरायची, आणि पेडलवर पाय आपटायचा नाही, टेकवून दाबायचा. पुढचे आकडे ६५, ६९, ७२, ७४, ७३, ७६. मी खूश.

मग प्रशिक्षणासाठी थोडी मदत मिळते का म्हणून एका कार्यालयात ही वही घेऊन गेले. साहेब म्हणाले, एका बाईवरून काय सिद्ध होतं? किमान ३० बायका घ्या, १५ शिकवलेल्या, १५ न शिकवलेल्या, मग या. अहो, ३० बायका आणायच्या कुठून? आमच्या वाडीतली निम्मी घरं गणपतीत उघडतात आणि गौरी गेल्या की कुलूप.

साहेबांचं एक वेळ सोडून देईन. पण घरी आले तर नवरा म्हणाला, "तू शिकवलं नसतंस तरी ती आठ दिवसांत शिकलीच असती." ते मात्र डोक्यातून जात नाही. एकेका बाईचं शिकवणं खरंच लागू पडलं की नाही हे ठरवायची काही रीत आहे का?

---

आलेखवही | १२ एप्रिल, रात्री

वेंगुर्लेकरीण ताई, साहेबांपेक्षा तुमच्या यजमानांचा प्रश्न भारी आहे. आधी त्यांचंच बघू.

मी रत्नागिरीत विशेष मुलांना शिकवते, अठरा वर्षं झाली. आमच्याकडे प्रत्येक मूल वेगळं, त्यामुळे पंधरा-पंधराच्या दोन टोळ्या कधीच जमत नाहीत. आम्ही जी रीत वापरतो तिला सिंगल-सब्जेक्ट डिझाइन म्हणतात. एका माणसाची तुलना दुसऱ्याशी करायची नाही, त्याच्याच कालच्याशी करायची. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली विसरण्याचा जो अभ्यास छापला, तो सगळा स्वतःवर केलेला होता. अर्थहीन अक्षरं पाठ करायचा आणि किती विसरलो ते मोजायचा. एकाच डोक्यावरून निघालेली ती गोष्ट आजही मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

आता तुमचे आकडे. मी ते चौकटीच्या कागदावर काढले. शिकवण्याआधीचे दोन ठिपके, ५८ आणि ६३. एका दिवसात पाचने चढ. ती रेघ तशीच पुढे ओढली तर काय येतं? ६८, ७३, ७८. तुमचे शिकवल्यानंतरचे आकडे ६५, ६९, ७२. म्हणजे ओढलेल्या रेघेच्या खाली! दोन ठिपक्यांतून रेघ ओढणं हा शुद्ध वेडेपणा आहे हे मान्य. पण मुद्दा कळतो. बाई आधीच चढत होती, आणि तुमची शिकवणी त्या चढावर मधेच येऊन बसली. यजमान जिंकले असं मी म्हणत नाही, पण ते हरले असं दाखवायला तुमच्याकडे आज काही नाही.

शिकवण्याआधीच्या या नोंदींना बेसलाइन म्हणतात. तिचं काम एकच: शिकवलं नसतं तर उद्या काय आलं असतं याचा अंदाज देणं. म्हणून ती सपाट हवी, निदान स्थिर हवी. चढती असेल तर थांबायचं, आणखी मोजायचं. नवी बाई याला वाईट, कारण नवं माणूस नुसत्या हाताच्या सवयीनेच सुधारतं. एक-दोन हंगाम केलेल्या, ज्यांचा आकडा एका जागी बसलाय, अशा बायका घ्या.

यावर माझीच फजिती सांगते. एका मुलाला मी शर्टाची बटणं लावायला शिकवत होते. पाचपैकी किती बटणं न मदत घेता लावली, रोज नोंद. आठ दिवस एक किंवा दोन. नवव्या दिवशी मी हात धरून शिकवायची पद्धत बदलली, तर त्याच दिवशी चार! आलेख असा सुंदर की मी फोटो काढून सहकाऱ्यांना पाठवला. दोन आठवड्यांनी आई भेटली, म्हणाली, "बाई, त्याचा जुना शर्ट आखडला म्हणून नवा घेतला, मोठ्या बटणांचा." कधी? त्याच रविवारी. मी आकडे मोजत होते, बटणं बघत नव्हते.

एकदा आकडा उडी मारतो तेव्हा शंभर कारणं असू शकतात. यावर उपाय म्हणजे ती उडी वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा घडवून दाखवायची. याची साधी तऱ्हा म्हणजे आधी, मग शिकवणी, मग शिकवणी काढून घ्यायची, मग परत. पण बी कशी धरायची हे एकदा कळलं की ते परत काढून घेता येत नाही. ज्ञान ही उसनी दिलेली परात नव्हे. अशा ठिकाणी मल्टिपल बेसलाइन वापरतात. बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी १९६८ साली या दोन्ही तऱ्हा एका लेखात शेजारी शेजारी मांडल्या, आणि शिकवण्याच्या कामात दुसरीचाच जास्त उपयोग होतो.

तुमच्यासाठी ती अशी. तीन बायका घ्या. तिघींचं मोजणं एकाच दिवशी सुरू. शिकवणी मात्र एकदम नाही. पहिलीला पाच दिवसांनी, दुसरीला आणखी चार दिवसांनी, तिसरीला त्याच्याही नंतर चार दिवसांनी. प्रत्येकीचा आकडा तिची तिची शिकवणी झाल्यावरच उडाला आणि तोवर बाकीच्या जागच्या जागी राहिल्या, तर हवा बदलली, बी बदलली, सगळ्यांना दम मिळाला ही कारणं आपोआप गळतात. कारण ती सगळ्यांना एकाच दिवशी लागू झाली असती. अमेरिकेत शिक्षणातले प्रयोग तपासणाऱ्या मंडळींनी २०१० साली यासाठी मोजमाप ठरवलं: परिणाम निदान तीन वेगळ्या वेळी दिसायला हवा, आणि प्रत्येक टप्प्यात पाच तरी ठिपके हवेत. तुम्हाला अमेरिकेला काही पाठवायचं नाही, पण हा हिशेब हातचा ठेवा.

दुसरं, मोजतं कोण? तुम्हीच शिकवणार, तुम्हीच अख्खा-तुकडा ठरवणार, तर डोळा आपल्याच बाजूने झुकतो. कोपरा उडालेला गर अख्ख्यात की तुकड्यात? हे आधी लिहून ठेवा. आणि पाच दिवसांतून एकदा तरी दुसऱ्या कुणाकडून तीच परात मोजून घ्या, कुठलीला शिकवलंय हे तिला न सांगता. दोघींच्या आकड्यांतल्या लहान आकड्याला मोठ्याने भागा, ती झाली जुळणी. ८० टक्क्यांच्या खाली जुळणी गेली तर व्याख्या सैल आहे असं समजा.

---

निवृत्त_संख्याशास्त्र | १३ एप्रिल

वरचं उत्तर चांगलं आहे. पण आलेख नुसता डोळ्यांनी बघून निकाल देण्याची या क्षेत्रातली सवय मला कधीच पटलेली नाही. मी अलिबागला कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा खवचटपणा माफ करा.

एक. शंभर बिया मोजून ६५ अख्ख्या आल्या, तर बाईने काहीही न बदलता उद्या ६० किंवा ७० येऊ शकतात. गणित सोपं आहे, प्रमाण विचलन (आकडा सरासरीभोवती साधारण किती डोलतो ते) पाचाच्या जवळ येतं. दोन्ही बाजूंना दहापर्यंत डोलणं हा नुसत्या नशिबाचा भाग. म्हणजे ७४, ७३, ७६ यांतल्या चढउताराला काडीचा अर्थ नाही. रोज ४०० मोजा, प्रमाण विचलन निम्म्यावर येईल, सव्वादोन-अडीच टक्क्यांच्या आसपास. आणि ४०० सलग नकोत. सकाळी हात ताजा असतो, दुपारी जेवणानंतर जड. दिवसातून चार वेळा शंभर-शंभर उचला.

दोन. शिकवण्याआधीचे आणि नंतरचे आकडे घेऊन कुणी टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक नुसत्या नशिबाचा आहे का हे तपासणारी चाचणी) लावायला सांगेल. लावू नका. आजचा आकडा कालच्याला चिकटून चालतो, त्या चाचणीला ते चालत नाही.

तीन. तिघींपैकी आधी कुणाला शिकवायचं हे चिठ्ठी टाकून ठरवा. तीन बायकांचे क्रम सहाच होतात, त्यामुळे सहात एक याहून मोठा दावा त्यातून निघणार नाही. पण निदान "जी आपसूक सुधारणार होती तिलाच आधी घेतलं" असं कुणी म्हणणार नाही. आणखी एक, तिच्या सगळ्यात वाईट दिवसानंतर लगेच शिकवू नका. वाईट दिवसानंतरचा दिवस तसाही बरा जातो.

साहेबांचा ३० चा आकडा मात्र वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. अनोळखी बायकांच्या गर्दीत सरासरीने किती फरक पडेल, हे विचारायचं असेल तेव्हा तो. तुमच्या दारातल्या तिघींबद्दल विचारायला नाही.

---

कुडाळचो_गाववालो | १३ एप्रिल

मास्तरांनु, तुमचा सगळा खरा. पण काजू खयचो ता कोणी विचारल्यात?

ताई, पंचवीस वर्षं हाच धंदा केलाय म्हणून सांगतो. वेंगुर्ला-७ जातीची बी मोठी, वेंगुर्ला-४ ची त्याहून बारीक. त्यात गावठी रायवळ मिसळलात तर पात्यातली फट एकीला बसता नि दुसरीक नाय. एका पोत्यात अख्खे पडतील आणि दुसऱ्या पोत्यात त्याच बाईच्या पाकळ्या होतील. बाई शिकली पण नाही आणि विसरली पण नाही. वाफ कमी बसली तर टरफल चिवट, जास्त बसली तर गर काळवंडतो. पाती कधी घासून आणलीत? माझ्याकडे एकदा एका बाईचं सगळ्यांनी कौतुक केलं, नंतर कळलं तिच्या मशीनची पाती आदल्या शनिवारी धार लावून आली होती.

तेव्हा महिनाभराची बी एकाच लॉटची बाजूला काढा. कुकरचा वेळ वहीत लिवा. पाती तिघींची एकाच दिवशी घासा. मग काय ते आलेख काढा.

आणि मे संपायच्या आत करा. एकदा पाऊस लागलो की गर सादळता, मग देव जरी शिकवूक इलो तरी तुकडोच.

---

वेंगुर्लेकरीण | १४ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. गाववाले दादा, पात्यांचं डोक्यातच नव्हतं. नव्या बाईला बसवायच्या आधी तिच्या मशीनची पाती घासली होती का ते बघितलं. घासली होती. आता काय बोलणार.

वेंगुर्ला-४ ची आठ पोती बाजूला काढली आहेत, सगळी एका बागेतली.

एक शंका, आलेखवही ताईंना. आमच्याकडे मजुरी अख्ख्या गरावर आहे. तिसरीला मी तेरा दिवस मुद्दाम शिकवणार नाही, म्हणजे तेरा दिवस तिची मजुरी मी अडवून धरते असंच झालं ना? मला ते बरं वाटत नाही.

दुसरं, तिघींच्या मशीनवर एलईडी दिवे लावायचे आहेत. त्याचा उपयोग होतो का तेही याच रीतीने बघता येईल?

---

आलेखवही | १४ एप्रिल

ही शंका तुम्हाला आली याचंच बरं वाटलं, आमच्यातल्या पुष्कळांना येत नाही. बेसलाइन म्हणजे मदत रोखून धरणं, म्हणून ती लागेल तेवढीच ठेवायची. तुम्ही असं करा: त्या दिवसांची मजुरी तिघींना ठोक द्या, अंदाजे शिकवल्यानंतर पडेल त्या दराने. आणि तिघींना आधी सांगा की पाळीपाळीने शिकवणार आहे, चिठ्ठीत जी येईल ती आधी. काय शिकवणार ते मात्र सांगू नका. ठोक दराने हात सैल पडला तर तो पहिल्या दिवसापासून तिघींचा पडेल आणि बेसलाइनमध्येच दिसेल.

दिवा ही काढता-लावता येणारी वस्तू आहे, त्यामुळे तिथे लावा, काढा, परत लावा चालतं. पण शिकवणी आणि दिवा एकत्र करू नका. आधी शिकवणी संपू दे, आकडे बसू देत, मग दिवा.

पुढे कधी वेग वाढवायचा असेल तर अजून एक तऱ्हा आहे. लक्ष्य पायऱ्यापायऱ्याने वाढवायचं, आज सहा किलो, चार दिवसांनी साडेसहा, मग सात, आणि बाईचा आकडा प्रत्येक पायरीला चिकटून चढतो का बघायचं. हार्टमन आणि हॉल यांनी १९७६ साली हे नीट मांडलं. पण आत्ता नको, वेग वाढवायला गेलात की अख्खे घसरतील आणि काय मोजतोय तेच कळेनासं होईल.

---

निवृत्त_संख्याशास्त्र | १४ एप्रिल

दिव्यासाठी माझी चिठ्ठी ऐका. दहा दिवस, पाच दिव्याचे, पाच बिनदिव्याचे, क्रम चिठ्ठीने. दहातून पाच निवडायच्या तऱ्हा २५२. दिव्याचे पाचही दिवस बिनदिव्याच्या पाचही दिवसांहून चढे आले, तर ते नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता २५२ त एक. मग मीही तोंड बंद ठेवेन. डॉक्टर मंडळी एकाच रोग्यावर खरं औषध आणि खोटं औषध अशी आलटून पालटून चाचणी घेतात, १९८६ च्या सुमारास कॅनडातल्या डॉक्टरांनी ती पुढे आणली. डोकं तेच.

---

वेंगुर्लेकरीण | ९ जून

उशीर झाला, माफ करा. मेमध्ये घरात एक लग्न आणि कारखान्यात एक बंद पडलेला ड्रायर, दोन्ही निस्तरत होते. पण वही रोज लिहिली.

तिघींना त्यांच्या जागेवरून ओळखू: खिडकीजवळची, मधली आणि मोरीजवळची. तिघींनी निदान एक हंगाम केलेला. चिठ्ठीत नेमका तोच क्रम आला, खिडकी, मधली, मोरी. सर म्हणतील परत टाका, पण चिठ्ठी ती चिठ्ठी.

आधी मोजण्याची गंमत सांगते. सुरू करायच्या आदल्या दिवशी मधलीची ४०० ची परात मी मोजली आणि ग्रेडिंगच्या मावशींनीही. माझे अख्खे २८१, मावशींचे २४७. जुळणी ८८ टक्के, म्हणजे पास. पण चौतीस गरांचा फरक! ते गर बाजूला काढून दोघी बसलो. सगळे एकाच जातीचे निघाले, टोकाला टोचणी लागून चिमूटभर उडालेले. मी त्यांना अख्खे म्हणत होते, मावशी नाही. "व्यापारी धरीत नाय," म्हणाल्या. मग नियम लिहिला: टोक उडालं आणि आतला पांढरा भाग दिसला तर तुकडा. त्यानंतर चार वेळा त्यांनी आंधळेपणाने मोजलं, जुळणी ९६ च्या खाली आली नाही. आणि हो, याचा अर्थ फेब्रुवारीतल्या माझ्या त्या ७६ मधले कितीतरी मुळात अख्खे नव्हतेच. तिथेच माझा आनंद संपला.

आता आकडे, टक्क्यांत.

खिडकीजवळची: पाच दिवस ६६, ६८, ६७, ६५, ६७. सहाव्या दिवशी सकाळी शिकवणी. मग ७१, ७४, ७६, ७७, ७६ आणि पुढे तिथेच.

मधली: नऊ दिवस ७० ते ७२ मध्ये. खिडकीवालीला शिकवल्यावरही हलली नाही. दहाव्या दिवशी शिकवणी, मग ७५, ७८, ७८, ७७.

इथपर्यंत मी नवऱ्याला रोज संध्याकाळी आलेख दाखवत होते. तो बघायचा, काही बोलायचा नाही. आमच्या घरात याला हार मानणं म्हणतात.

मोरीजवळची मात्र फसली. दहा दिवस ६२ ते ६४. अकराव्या दिवशी ६६. मग ६८, ६९. तिची शिकवणी चौदाव्या दिवशी ठरलेली! बी तीच, वाफेचा वेळ तोच, पाती तिघींची एकत्र घासलेली. नियमाप्रमाणे चौदाव्या दिवशी तिलाही शिकवलं, पण मग ७०, ७१, ७१. उडी नाहीच, नुसता हलका चढ.

दिव्याचं आधी संपवते. दहा दिवस चिठ्ठीने. तिघींची मिळून सरासरी दिव्याने ७५.१, बिनदिव्याने ७४.६. सर, यावर तोंड उघडायला हरकत नाही. दिवे तरी ठेवलेच, कारण मधली म्हणाली संध्याकाळी डोकं दुखायचं ते थांबलं. ते मी मोजलंच नव्हतं.

मोरीवालीचं काय झालं असेल?

---

आलेखवही | ९ जून

तिघी कशा बसतात? मोरीवालीच्या शेजारी कोण?

---

वेंगुर्लेकरीण | ९ जून

मधली. दोघींत हातभर अंतर.

अरे देवा. मधलीची शिकवणी दहाव्या दिवशी. हिचा आकडा अकराव्या दिवशी हलला.

---

निवृत्त_संख्याशास्त्र | १० जून

म्हणजे ती तिसरी बेसलाइन राहिलीच नाही. शिकवणी गळून तिच्यापर्यंत पोचली. कागदावर तुमच्याकडे तीन नव्हे, दोनच स्वच्छ वेळा आहेत, आणि वरच्या मोजमापाप्रमाणे ते अपुरं आहे. मला व्यक्तिशः मात्र तो अकरावा दिवसच सगळ्यात बोलका वाटतो. खिडकीवालीच्या वेळी ती हलली नाही, कारण लांब होती. पण हे आकडे बघितल्यावर सुचलेलं स्पष्टीकरण आहे, आधी वर्तवलेलं नाही. ते पुन्हा घडवून दाखवाल तेव्हा मानेन.

---

कुडाळचो_गाववालो | १० जून

तिकाच विचारा मगे. आलेखाक काय विचारतास?

---

वेंगुर्लेकरीण | ११ जून

विचारलं. आज सकाळी चहाच्या वेळी, हाताची राख धूत होती तेव्हा. म्हटलं, मी तुला शिकवायच्या आधीच तुझे अख्खे वाढले होते, ते कसे गो?

ती हसायलाच लागली. म्हणाली, "तुमी तिका सांगत होतास, माका आयकाक येय होता. पाय आपटू नको म्हटलास, मी पण आपटूचो सोडलंय." मग जरा थांबून, "पण बी उलटी धरूची ता माका दिसला नाय, तिचो हात मधी येय होतो."

म्हणजे तीन गोष्टींतली एक कानाने पोचली आणि एक पोचली नाही. आकार वेगळे करायचं विचारायचं राहिलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

आता पुढचं सांगा. येत्या मार्चमध्ये दोन नव्या येणार आहेत, आणि जुन्यांतल्या तिघी अजून शिकवायच्या बाकी आहेत. सर म्हणतात तसं पुन्हा करून दाखवायचं तर लांब लांब बसवायला हवं. पलीकडच्या खोलीत दोन मशीनं हलवता येतील, पण तिथे पंखा नाही, आणि मार्च-एप्रिलच्या उकाड्यात बिनपंख्याच्या खोलीतला आकडा खाली आला तर तो कशाच्या नावावर मांडू? दुसरा पंखा घेण्याबद्दल नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, आधी चिठ्ठी टाक.